थंडरबर्डमध्ये फोल्डर कॉम्पॅक्ट होत नाहीये? काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने करायचं

थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम बरीच वर्षं वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी हा मेसेज येतोच, की अमुक फोल्डर कॉम्पॅक्ट करता आला नाही कारण फोल्डरमध्ये लिहिता आलं नाही, डिस्कवर जागा आहे का आणि लिहायची परवानगी आहे का ते तपासा आणि परत प्रयत्न करा. आपण ओके दाबतो, थोड्या वेळाने परत तोच मेसेज. मग चिडून माणूस परत परत कॉम्पॅक्ट दाबत बसतो, नाहीतर कुणीतरी सांगितलं म्हणून फाईली डिलीट करायला घेतो, आणि खरं नुकसान होतं ते इथे. एररने मेल जात नाहीत, एरर आल्यावर घाईत केलेल्या उद्योगांनी जातात. म्हणून खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने करा, आधी ज्याने काहीच बिघडू शकत नाही अशा गोष्टी आणि मग हळूहळू खोलात.

कॉम्पॅक्ट दाबल्यावर आत काय होतं

हे कळलं की अर्धे एरर आपोआप समजतात, त्यामुळे हा भाग गाळू नका.

थंडरबर्ड डीफॉल्टने एका फोल्डरचे सगळे मेल एकाच मोठ्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवतं, या प्रकाराला एमबॉक्स म्हणतात. म्हणजे इनबॉक्स हे तुम्हाला फोल्डर दिसत असलं तरी डिस्कवर ती 'इनबॉक्स' नावाची, पुढे काहीही एक्स्टेन्शन नसलेली एकच फाईल असते, मेल एकाखाली एक चिकटवलेले. तिच्या शेजारी 'इनबॉक्स.एमएसएफ' अशी एक छोटी फाईल असते, तो इंडेक्स. विषय, पाठवणारा, तारीख आणि तो मेल मोठ्या फाईलमध्ये कितव्या बाइटपासून सुरू होतो, हे सगळं त्या इंडेक्समध्ये.

आता तुम्ही मेल डिलीट केलं की मोठ्या फाईलमधून ते निघत नाही, फक्त त्याच्यावर 'हे गेलं' अशी खूण होते आणि यादीतून ते दिसायचं बंद होतं. दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलं तरी तेच, तिकडे नवी कॉपी तयार होते आणि इकडची जुनी खूण लागून पडून राहते. वहीत ओळी खोडत गेलो तरी वहीची पानं कमी होत नाहीत तसं. कॉम्पॅक्ट म्हणजे न खोडलेल्या ओळी नव्या वहीत उतरवून काढायच्या आणि जुनी वही टाकून द्यायची. थंडरबर्ड अक्षरशः हेच करतं, तात्पुरती नवी फाईल बनवतं, चालू मेल तिच्यात एकेक करून लिहितं, सगळं नीट झालं तर जुन्या फाईलच्या जागी नवी ठेवतं आणि इंडेक्समधले बाइटचे आकडे बदलतं.

यात बिघडू शकतं काय काय? नवी फाईल लिहायला जागा नसेल. लिहायची परवानगी नसेल. जुनी फाईल दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवली असेल. इंडेक्समध्ये एक आणि फाईलमध्ये भलतंच असेल. किंवा मोठी फाईलच मधे कुठेतरी खराब झाली असेल. कॉम्पॅक्टचे बहुतेक सगळे एरर या पाचातलेच असतात, मेसेज काहीही दिसो.

हात लावायच्या आधी कॉपी

थंडरबर्ड पूर्ण बंद करा. पूर्ण म्हणजे खिडकी बंद करून भागत नाही, कधीकधी ते मागे चालूच राहतं. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि यादीत थंडरबर्ड दिसत नाही ना बघा. आत्ताच बंद केलं असेल आणि अजून दिसत असेल तर मिनिटभर थांबा, लगेच मारून टाकू नका, कारण बंद होताना ते फाईली लिहीत असतं. मोठ्या फोल्डरला थोडा वेळ लागतोच.

मग प्रोफाईल फोल्डर शोधायचा, म्हणजे थंडरबर्ड तुमचे मेल आणि सेटिंग्ज जिथे ठेवतं तो. सोपा रस्ता असा की बंद करायच्या आधीच हेल्प मेनूत जाऊन ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडायचं, तिथे प्रोफाईल फोल्डरच्या ओळीत ओपन फोल्डर असं बटण असतं, ते दाबलं की थेट ती जागा उघडते. ती खिडकी उघडी ठेवून थंडरबर्ड बंद करायचं. विंडोजवर ही जागा अॅपडेटाच्या रोमिंगमध्ये थंडरबर्ड आणि त्यात प्रोफाईल्स अशी असते, मॅकवर लायब्ररीत थंडरबर्ड, लिनक्सवर बहुतेक वेळा होममध्ये लपवलेल्या डॉट-थंडरबर्ड फोल्डरमध्ये, पण लिनक्सवर स्नॅप किंवा फ्लॅटपॅकने टाकलं असेल तर जागा वेगळी असते म्हणून बटणानेच जा.

तो अख्खा प्रोफाईल फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. मूव्ह नाही, कॉपी. बाहेरच्या डिस्कवर केली तर उत्तम. पेन ड्राइव्ह फॅट ३२ फॉरमॅटचा असेल तर त्याच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावतच नाही, इनबॉक्स ५-६ जीबीचा असेल तर कॉपी तिथेच अडकेल, तेव्हा एक्सफॅट किंवा एनटीएफएस केलेली डिस्क घ्या. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा साइझ जुळतोय का बघा. पुढच्या कुठल्याही पायरीवर काही उलटसुलट झालं तर परत इथे येता येतं, म्हणून ही पायरी सोडून पुढे जाऊ नका, वेळ नसेल तर दुरुस्ती उद्या करा.

तुमचं अकाउंट पॉप आहे की आयमॅप

पॉप आणि आयमॅप या सर्व्हरवरून मेल मिळवायच्या दोन पद्धती. तुमची कुठली हे माहीत नसताना कुणी फाईल डिलीट करायला सांगत असेल तर ऐकू नका. अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्ज उघडली की वरच सर्व्हर टाइप लिहिलेला असतो.

आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर असतात, तुमच्या मशीनवर त्याची नुसती ऑफलाइन कॉपी असते, ती प्रोफाईलमध्ये 'आयमॅपमेल' नावाच्या फोल्डरात. ही फाईल बिघडली तर परत उतरवून घेता येते. पॉप असेल किंवा मेल 'लोकल फोल्डर्स'मध्ये हलवलेले असतील तर ते 'मेल' फोल्डरात असतात, आणि सर्व्हरवर ठेवलेले नसतील तर जगात ती एकच प्रत. त्यामुळे आयमॅपला जे बिनधास्त करता येतं ते पॉपला जिवावर बेतू शकतं. पुढे जिथे जिथे फरक पडतो तिथे सांगतो.

मेसेज नीट वाचा

मुख्यतः तीन तऱ्हेचे मेसेज येतात आणि तिन्हींचा रोख वेगळा आहे.

एक, वर सांगितलेला, लिहिता आलं नाही वाला. हा सगळ्यात फसवा, कारण जागा आणि परवानगी दोन्ही ठीक असताना पण येतो. अशा वेळी इंडेक्स, अँटीव्हायरस किंवा खराब फाईल यातलं काहीतरी असतं.

दुसरा म्हणतो की काही फोल्डर कॉम्पॅक्ट करता येत नाहीत कारण डिस्कवर पुरेशी मोकळी जागा नाही. हा सरळ आहे, जे म्हणतो तेच असतं.

तिसरा म्हणतो की दुसरं काम चालू आहे म्हणून फोल्डर कॉम्पॅक्ट करता आला नाही, नंतर प्रयत्न करा. हा लॉकचा मामला, म्हणजे फोल्डर दुसऱ्या कशाने तरी धरून ठेवलेला असतो.

मेसेजमध्ये कुठल्या फोल्डरचं नाव आहे ते लिहून ठेवा. एकाच फोल्डरला परत परत येत असेल तर दुखणं त्या फोल्डरात आहे, दर वेळी वेगवेगळ्या फोल्डरचं नाव येत असेल तर डिस्क, अँटीव्हायरस अशा बाहेरच्या गोष्टीकडे बघायचं. आणि फाईल मेनूतून सगळे फोल्डर एकदम कॉम्पॅक्ट करत असाल तर ते आत्तापुरतं बंद करा, डावीकडे फोल्डरवर राइट क्लिक करून एकेकच करा, म्हणजे नेमका कोण अडतोय ते कळेल.

जागा

नवी फाईल लिहून पूर्ण होईपर्यंत जुनी पण तिथेच असते, म्हणजे ८ जीबीचा इनबॉक्स कॉम्पॅक्ट करायला त्याच ड्राइव्हवर आणखी जवळपास तेवढीच जागा मोकळी लागू शकते. सी ड्राइव्ह लालभडक झालेला असताना जागा करायला म्हणून कॉम्पॅक्ट करायला गेलो की नेमकी तीच जागा नसते. आधी दुसरीकडून जागा करा, डाउनलोड्समधल्या मोठ्या फाईली, रीसायकल बिन, टेम्प फाईली. सगळ्यात मोठ्या फोल्डरच्या साइझपेक्षा थोडी जास्त जागा हाताशी ठेवायची.

जागा होतच नसेल तर लहान फोल्डरपासून सुरुवात करा. ट्रॅश आणि जंक रिकामे करून आधी ते कॉम्पॅक्ट करा, त्यातून मोकळी झालेली जागा पुढच्या फोल्डरला कामाला येते, असं करत करत मोठ्यापर्यंत पोचता येतं.

आणि एक, थंडरबर्डच्या फार जुन्या आवृत्त्यांमध्ये एका फोल्डरला ४ जीबीची मर्यादा होती, २०१२ च्या १२ व्या आवृत्तीपासून ती गेली. नव्यात मर्यादा नाही म्हणून २०-३० जीबीचा एक फोल्डर ठेवावा असं मात्र मला वाटत नाही, त्याबद्दल पुढे.

दुसरं काम चालू आहे म्हणतंय

हा एरर येतो तेव्हा त्या फोल्डरमध्ये खरंच काहीतरी चालू असतं. नवीन मेल उतरत असतात, फिल्टर चालू असतो, सर्चसाठी इंडेक्सिंग चालू असतं, नाहीतर आधीचं कॉम्पॅक्ट संपलेलं नसतं आणि आपण परत दाबलेलं असतं. खाली स्टेटस बारमध्ये बघा, काही हालचाल असेल तर ती संपू द्या.

मला खात्रीचा वाटणारा उपाय असा, फाईल मेनूतल्या ऑफलाइनमध्ये जाऊन वर्क ऑफलाइन करा म्हणजे मेल यायचे थांबतील, ज्याला कॉम्पॅक्ट करायचंय तो सोडून दुसऱ्या एखाद्या छोट्या फोल्डरवर क्लिक करून तिथे थांबा, उघडलेले मेलचे टॅब बंद करा, आणि मग त्या फोल्डरवर राइट क्लिक करून कॉम्पॅक्ट. आयमॅप फोल्डरला मात्र ऑनलाइन असावं लागतं, तिथे ऑफलाइनच्या ऐवजी सर्व्हर सेटिंग्जमधलं 'दर १० मिनिटांनी नवीन मेल तपासा' हे तात्पुरतं काढा.

तरीही तेच म्हणत असेल तर थंडरबर्ड बंद करून मशीन रीस्टार्ट करा. मग चालू करताना विंडोजवर शिफ्ट दाबून ठेवून उघडा, किंवा हेल्प मेनूतून ट्रबलशूट मोडमध्ये रीस्टार्ट करा, त्यात अॅड-ऑन बंद असतात. या मोडमध्ये कॉम्पॅक्ट झालं तर एखादं अॅड-ऑन फोल्डर धरून ठेवतंय, मग एकेक बंद करून कोणतं ते शोधायचं.

परवानगी, अँटीव्हायरस, क्लाउड

परवानगीचा घोळ बहुतेक वेळा जुन्या मशीनवरून प्रोफाईल कॉपी करून आणल्यावर होतो. फाईल जुन्या युजरच्या मालकीची राहते, किंवा सीडीवरून आणली असेल तर रीड ओन्ली राहते. विंडोजवर त्या एमबॉक्स फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, रीड ओन्लीवर टिक असेल तर काढा. हे फाईलवर बघायचं, फोल्डरवर नाही, फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये तो चौकोन नेहमीच भरलेला दिसतो आणि त्याचा काही अर्थ नसतो, लोक उगाच तिथे वेळ घालवतात. लिनक्सवर कधी चुकून रूट (मुख्य अॅडमिन युजर) म्हणून थंडरबर्ड चालवलं गेलं असेल तर काही फाईली रूटच्या मालकीच्या होऊन बसतात, मालकी परत आपल्या नावावर केली की सुटतं.

अँटीव्हायरस हे मात्र खरं मोठं कारण आहे. थंडरबर्ड काही जीबीची नवी फाईल भराभर लिहितंय हे बघून तो ती स्कॅन करायला धरतो, नेमकी शेवटी जुन्याच्या जागी नवी ठेवायची वेळ येते तेव्हा फाईल त्याच्या ताब्यात असते आणि आपल्याला 'लिहिता आलं नाही' दिसतं. त्याहून वाईट म्हणजे एका मेलमध्ये व्हायरस सापडला म्हणून अख्खी इनबॉक्सची फाईलच क्वारंटाइन करू शकतो, म्हणजे उचलून वेगळी बंद करून ठेवू शकतो, कारण त्याच्या दृष्टीने ती एकच फाईल आहे. तेव्हा अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये प्रोफाईल फोल्डर स्कॅनमधून वगळा. मेल धोक्यात येतील अशी भीती वाटत असेल तर थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत अँटीव्हायरसची एक टिक आहे, ती लावली की येणारं प्रत्येक मेल आधी वेगळ्या तात्पुरत्या फाईलमध्ये उतरतं आणि अँटीव्हायरसला फक्त तेवढंच धरता येतं. शिवाय अटॅचमेंट उघडताना किंवा सेव्ह करताना ती स्कॅन होतेच.

प्रोफाईल वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवला असेल तर तो तिथून काढा. बॅकअप आपोआप होतो म्हणून लोक असं करतात, पण दर मेलला अख्खी मोठी फाईल बदलते, सिंक करणारा प्रोग्राम ती परत परत धरतो, आणि दोन मशीनवर तोच प्रोफाईल उघडला तर फाईल नक्की बिघडते. नेटवर्क ड्राइव्हवरच्या प्रोफाईललाही लॉकचा असाच त्रास होतो.

इंडेक्स परत बनवणे

जागा आहे, परवानगी आहे, अँटीव्हायरस वगळलाय आणि तरी एकच फोल्डर अडतोय, तर आता इंडेक्सकडे वळा. इंडेक्स बिघडल्याची एक पक्की खूण आहे, यादीत एका मेलवर क्लिक करताय आणि खाली भलत्याच मेलचा मजकूर उघडतोय, किंवा अर्ध्यातून सुरू झालेला दिसतोय. म्हणजे इंडेक्समधला बाइटचा आकडा आणि प्रत्यक्ष मेलची जागा यांचा मेळ राहिलेला नाही. अशा अवस्थेत कॉम्पॅक्ट अजिबात करू नका, कारण कॉम्पॅक्ट इंडेक्सच्या भरवशावर मेल उचलतं, चुकीच्या जागेवरून उचललं तर चांगले मेलही तुटून जातील.

फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे रिपेअर फोल्डर. हे बटण जुना इंडेक्स टाकून देऊन मोठी फाईल पहिल्यापासून वाचतं आणि नवा इंडेक्स बनवतं. मोठ्या फोल्डरला बराच वेळ लागतो, मधे यादी रिकामी किंवा अर्धवट दिसते, घाबरून बंद करू नका. संपल्यावर त्या फोल्डरची सॉर्टिंग, कॉलम अशी मांडणी बदललेली दिसेल, ती परत लावून घ्यायची. वाचलेलं, न वाचलेलं ही खूण आणि टॅग बहुतेक टिकतात कारण ते मोठ्या फाईलमध्ये प्रत्येक मेलच्या हेडरमध्येही (वरच्या माहितीच्या ओळींत) लिहिलेले असतात.

रिपेअरने जमलं नाही तर हेच हाताने करायचं, थंडरबर्ड बंद, त्या फोल्डरची फक्त एमएसएफ फाईल प्रोफाईलमधून बाहेर हलवायची, परत चालू करायचं आणि फोल्डरवर क्लिक करायचं. एक्स्टेन्शन नसलेल्या फाईलला हात लावायचा नाही, मेल तिच्यात आहेत. विंडोज डीफॉल्टने एक्स्टेन्शन लपवतं त्यामुळे दोन्ही फाईली 'इनबॉक्स' अशाच दिसू शकतात, आधी एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. पॉपवाल्यांनी तिथलीच 'पॉपस्टेट.डॅट' पण डिलीट करू नये, कुठले मेल आधीच उतरवलेत याची नोंद तिच्यात असते, ती गेली तर सर्व्हरवर ठेवलेले सगळे मेल परत उतरतात.

एनएसटीएमपी नावाचं काहीतरी दिसतंय

डावीकडच्या फोल्डरच्या यादीत अचानक 'एनएसटीएमपी' नावाचं फोल्डर दिसायला लागलं, कधी त्याच नावापुढे १, २ असे आकडे असलेली अजून दोन-चार, तर ती अर्धवट राहिलेल्या कॉम्पॅक्टची तात्पुरती फाईल आहे. यांनीच कधीकधी कितीतरी जीबी जागा खाल्लेली असते.

लगेच उडवू नका. आधी मूळ फोल्डर उघडून बघा, मेल पूर्ण आहेत का, शेवटचा मेल कुठल्या तारखेचा आहे, साइझ पटण्यासारखा आहे का. मूळ शाबूत असेल तर एनएसटीएमपीचा उपयोग संपला, थंडरबर्ड बंद करून ती फाईल आणि तिची एमएसएफ काढून टाका. पण मूळ रिकामं किंवा शून्य बाइटचं झालं असेल तर तुमचे मेल त्या एनएसटीएमपीमध्येच असण्याची चांगली शक्यता आहे, थंडरबर्डमध्ये ते फोल्डर उघडून बघा आणि सापडले तर तिथून नव्या फोल्डरात कॉपी करा.

एमबॉक्स फाईलच खराब असेल तर

एवढं करूनही एकच फोल्डर अडत असेल, किंवा रिपेअर केल्यावर मेलची संख्याच भलती येत असेल, तर मोठ्या फाईलमध्येच कुठेतरी बिघाड आहे. लिहीत असताना वीज जाणं, मशीन हँग झाल्यावर बटण दाबून बंद करणं, डिस्कवर खराब सेक्टर, ही नेहमीची कारणं. डिस्कचा संशय असेल तर आधी ती तपासा, विंडोजवर चेकडिस्क, मॅकवर डिस्क युटिलिटीतलं फर्स्ट एड. डिस्कच जात असेल तर मेलची दुरुस्ती बाजूला ठेवा आणि सगळा डेटा दुसरीकडे काढा.

डिस्क ठीक असेल तर मग फोल्डर दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्यातले चांगले मेल नव्या फोल्डरात काढून घ्यायचे, माझ्या मते हाच शहाणपणाचा रस्ता. कसं करायचं:

थंडरबर्ड बंद करा. खराब एमबॉक्स फाईलची एक कॉपी 'मेल'मधल्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये वेगळ्या नावाने टाका, समजा 'जुनाइनबॉक्स', एक्स्टेन्शन द्यायचं नाही, आणि एमएसएफ बरोबर न्यायची नाही. थंडरबर्ड चालू केलं की लोकल फोल्डर्सखाली त्या नावाचं फोल्डर दिसेल, त्यावर क्लिक केलं की नवा इंडेक्स बनायला सुरुवात होईल, ते पूर्ण होऊ द्या. मग शेजारी वर्षाप्रमाणे नवीन फोल्डर करा, २०१९, २०२०, २०२१ असे. आता जुन्यातले मेल तारखेने लावून दोनशे-तीनशेच्या गठ्ठ्याने निवडायचे आणि राइट क्लिक करून कॉपी टू. मूव्ह टू करायचं नाही, मूव्ह मधेच अडकलं तर कुठले गेले कुठले राहिले याचा पत्ता लागत नाही.

एखादा गठ्ठा अडकला, एरर आला किंवा थंडरबर्ड थिजलं, तर खराब मेल त्या गठ्ठ्यात आहे. त्या गठ्ठ्याचे अर्धे निवडून कॉपी करा, जमलं तर उरलेले अर्धे, नाही जमलं तर त्याचे अर्धे, असं करत गेलं की सात-आठ वेळात नेमका एक किंवा दोन मेल उरतात. ते सोडून बाकी सगळे वाचतात. वेळ लागतो, कंटाळवाणं आहे, पण हजारो मेलमधला एक सोडून सगळे हाती लागतात, त्यामुळे करण्यासारखं आहे.

शेवटी नव्या फोल्डरांमधली मेलची बेरीज करून जुन्याशी ताडून बघा. जुळली, चार-पाच मेल उघडून अटॅचमेंटही उघडतायत असं दिसलं, की मगच मूळ खराब फाईल बाजूला काढा. इनबॉक्स असेल तर थंडरबर्ड बंद असताना इनबॉक्स आणि इनबॉक्स.एमएसएफ दोन्ही प्रोफाईलबाहेर हलवा, चालू केल्यावर ते स्वतः नवीन रिकामा इनबॉक्स बनवतं. हे पॉपसाठी सांगतोय.

कॉम्पॅक्टच्या आधीच लक्षात आलं की महत्त्वाचं मेल डिलीट झालंय

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहितो. कॉम्पॅक्ट होत नाहीये ही अशा वेळी चांगली गोष्ट आहे, कारण डिलीट केलेलं मेल अजून फाईलमध्ये आहे. कॉम्पॅक्ट यशस्वी झालं की मग थंडरबर्डमध्ये ते परत मिळत नाही.

थंडरबर्ड ताबडतोब बंद करा म्हणजे आपोआप कॉम्पॅक्ट होणार नाही. एमबॉक्स फाईलची कॉपी घ्या आणि मोठी फाईल उघडू शकेल अशा एडिटरमध्ये ती कॉपी उघडा, साध्या नोटपॅडवर भागणार नाही. विषयातला एखादा शब्द शोधला की मेल सापडतं, मराठीत विषय असेल तर तो फाईलमध्ये सांकेतिक अक्षरांत असतो म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता शोधा. प्रत्येक मेलच्या वरच्या ओळींत 'एक्स-मोझिला-स्टेटस' अशी ओळ दिसेल, पुढे चार आकडे. ०००१ म्हणजे वाचलेलं, ०००८ म्हणजे डिलीटची खूण, आणि वाचून डिलीट केलेलं असेल तर दोन्ही मिळून ०००९. तुमच्या मेलच्या ओळीत ०००८ किंवा ०००९ असेल तर तिथे ०००१ करा, फाईलमध्ये हे आकडे इंग्रजीत असतात आणि इंग्रजीतच टाइप करायचे, चारचे चारच राहिले पाहिजेत. एन्कोडिंग न बदलता सेव्ह करा. ही कॉपी वर सांगितलं तशी लोकल फोल्डर्समध्ये टाका, उघडा, मेल परत दिसेल.

फाइंड-रिप्लेसने सगळ्याच खुणा एकदम काढायचा मोह होईल, तसं केलं तर आजवर दुसऱ्या फोल्डरात हलवलेले आणि फिल्टरने नेलेले सगळे मेलही परत उगवतात आणि हजारो डुप्लिकेट निस्तरत बसावं लागतं. हवं तेवढंच करा.

आयमॅपवाल्यांसाठी

तुमचं काम सोपं आहे. आधी ब्राउझरमध्ये वेबमेल उघडून खात्री करा की मेल सर्व्हरवर खरंच आहेत. मग रिपेअर फोल्डर करून बघा. नाहीच झालं तर थंडरबर्ड बंद करून आयमॅपमेलमधल्या त्या फोल्डरची मोठी फाईल आणि एमएसएफ दोन्ही बाहेर हलवा, चालू केल्यावर सगळं परत उतरेल. इंटरनेट हळू असेल तर रात्री लावून ठेवा.

आयमॅपमध्ये कॉम्पॅक्ट केल्यावर, डिलीटची खूण असलेले मेल सर्व्हरवरूनही कायमचे काढले जातात, नुसती लोकल जागा मोकळी होत नाही. अकाउंट सेटिंग्जमध्ये 'डिलीट केल्यावर फक्त खूण कर' असं ठेवलेलं असेल तर हे विशेष ध्यानात ठेवा.

जीमेल असेल तर 'ऑल मेल' फोल्डर ऑफलाइन सिंक होतोय का बघा. त्यात इनबॉक्ससकट जवळपास सगळेच मेल परत असतात, म्हणजे डिस्कवर तेच मेल दोनदा, आणि कॉम्पॅक्टला सगळ्यात जास्त अडणारा फोल्डर बहुतेक हाच. अकाउंट सेटिंग्जमध्ये सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेजच्या अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन त्याची टिक काढा.

पुढे परत होऊ नये म्हणून

इनबॉक्स छोटा ठेवा. दर वर्षाचे मेल लोकल फोल्डर्समध्ये वेगळ्या फोल्डरात काढले की रोज बदलणारी फाईल लहान राहते, कॉम्पॅक्ट पटकन होतं आणि जुन्या वर्षांच्या फाईलींना रोज कुणी हात लावत नाही म्हणून त्या बिघडतही नाहीत. फक्त लोकलमध्ये हलवलेले मेल सर्व्हरवर राहत नाहीत, तेव्हा त्यांचा बॅकअप तुमच्यावर.

ऑटोमॅटिक कॉम्पॅक्टची सेटिंग जनरलमध्ये नेटवर्क अँड डिस्क स्पेसखाली आहे, अमुक एमबी वाचणार असतील तर कॉम्पॅक्ट कर अशी. जुन्या आवृत्त्यांत हा आकडा डीफॉल्टने २० एमबी होता, अलीकडे २०० आहे. जुन्या प्रोफाईलवर २०च राहिला असेल तर वाढवा, नाहीतर दिवसभर सारखं कॉम्पॅक्ट मागे लागतं आणि मेल येताना त्याची गाठ पडते. नव्या आवृत्त्यांत आधी विचारायची पण सोय आहे, ती चालू ठेवा म्हणजे लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली असताना नको म्हणता येतं. ऑटोमॅटिक पूर्ण बंद करू नका, फाईली फुगत जातात आणि कधीतरी एकदम २० जीबीचं काम समोर येतं.

मेलडिर नावाचा एक पर्याय आहे, त्यात प्रत्येक मेलची वेगळी फाईल होते त्यामुळे कॉम्पॅक्टची गरजच उरत नाही. ऐकायला छान वाटतं पण थंडरबर्डमध्ये तो बराच काळ प्रायोगिक म्हणूनच राहिलाय, महत्त्वाच्या कामाच्या मेलसाठी मी तरी एमबॉक्सच वापरा म्हणेन.

आणि दुरुस्ती करून कॉम्पॅक्ट नीट झालं की फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये मेसेजची संख्या आणि डिस्कवरचा साइझ बघा, संख्या आधीइतकीच आणि साइझ कमी असं दिसलं पाहिजे. पहिली घेतलेली प्रोफाईलची कॉपी मात्र लगेच उडवू नका, दोन-तीन आठवडे रोजचं काम करा, जुने मेल शोधा, अटॅचमेंट उघडा, सगळं ठीक चाललंय असं वाटलं की मग ती काढून जागा मोकळी करा.